आत्याने गूळ खाल्ला

नंदुरबार,
१२ जानेवारी २०२५

चि. सीमा,

तुझ्या मोलगीला रेंज मनात येईल तेव्हा येते, आणि माझा फोन म्हणजे आमच्या घरातली पाणपोई, येईल तो उचलतो. तेव्हा आपली पत्रंच बरी. आज बातमीही पत्रासारखी आहे. आपल्या दादाच्या भाग्येशचं जमलं.

मागच्या रविवारी आम्ही विसरवाडीला गेलो होतो. चुडामणदादा, वहिनी, भाग्येश आणि मी. मुलीचं नाव रुचिका. इथे नंदुरबारलाच नर्सिंग शिकते, शेवटचं वर्ष आहे. वडील चुनीलालभाऊंचं हायवेला टायरचं दुकान, दुकानामागे घर. घर कसलं, नवीन फरशी इतकी गुळगुळीत की वहिनी दोनदा घसरता घसरता वाचली. श्रीखंड नवापूरहून मागवलं होतं. मागे ट्रकचे हॉर्न इतके की भाग्येशने आपला पगार सांगितला तो कुणाला ऐकूच गेला नाही, त्याला परत सांगावा लागला.

चुनीलालभाऊंना आपल्या घराची रीत ठाऊक नव्हती. दादाने ती ओट्यावर बसून समजावली. आमच्याकडे शेती, नोकरी, पत्रिका पुरुष बघतात, पण शेवटी मुलाची आत्या मुलीजवळ एकटी जाऊन बसते. विचारत काही नाही. विचारलं की मुलगी अडचणीत येते, म्हणून आत्याने नुसता चेहरा वाचायचा. मुलगी मनापासून तयार दिसली तर बाहेर येऊन गुळाचा खडा तोंडात टाकायचा. नाही दिसली तर पाणी प्यायचं, आणि आम्ही राम राम करून उठतो. दादाचा आवाज तू जाणतेस, हायवेवरच्या ट्रकवाल्यांनाही आपली रीत कळली असेल. वर म्हणाला, "मन्ही बहीन आजलोंग कधी चुकनी नही." मला जरा बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग मी स्वयंपाकघरात गेले. रुचिका लसूण सोलत बसली होती. लाजली असणार, कारण सोललेल्या पाकळ्या सालींत टाकत होती आणि सालं वाटीत. मला हसू आलं. पोरगी शांत आहे, उंच आहे, केस लांब. मी थोडा वेळ बसले, बाहेर आले आणि गूळ खाल्ला.

साखरपुडा पाडव्याला. तू रजा टाकून ठेव. तुला मोरपंखी साडी घेतली आहे, आता आवडली नाही असं म्हणू नकोस.

तुझी,
रूपालीताई


मोलगी,
२१ जानेवारी २०२५

ती. ताई,

साडी आवडली. न बघताच आवडली, कारण तुला वाईट वाटलेलं मला झेपत नाही.

भाग्येशचं ऐकून आनंद झाला. पण तुझं पत्र वाचताना काहीतरी कमी आहे असं सारखं वाटत होतं, काय ते कळेना. काल मुलांच्या वह्या तपासताना कळलं. ताई, त्या पत्रात चेहराच नाही.

तू भाग्येशच्या भावाची, गोकुळची बायको बघायला गेली होतीस तेव्हाचं पत्र माझ्याजवळ आहे. त्यात तिच्या खालच्या ओठाबद्दल अर्धं पान आहे. ती हसताना आधी डोळे हसतात आणि मग तोंड, असं तू लिहिलं होतंस. वहिनीची आई रागावली की तिच्या नाकपुडीला काय होतं, हेही मला तुझ्यामुळेच माहीत. आणि या वेळी? फरशी आहे, श्रीखंड आहे, हॉर्न आहे. मुलीचे केस लांब आहेत. अगं, केस तर दुकानातल्या बाहुलीचेही लांब असतात. ती पोरगी तुझ्याकडे कशी बघत होती?

आणि तो लसूण. लाजलेली मुलगी पदराशी चाळा करते, नखं बघते. सालं वाटीत आणि पाकळ्या कचऱ्यात, हे मला लाजण्यासारखं वाटत नाही. इथल्या शाळेत नवीन आलेलं एखादं पोर घरच्या आठवणीने असं काहीबाही करतं. त्यांची घरची बोली मला अजून धड येत नाही, त्यामुळे मी त्यांचे हात आणि तोंडं बघूनच दिवस काढते. म्हणून विचारते.

तुझे डोळे तपासून घेतेस का? चष्म्याचा नंबर वाढला असेल. चाळिशीनंतर वाढतो. रागावू नकोस.

तुझी,
सीमा


नंदुरबार,
३० जानेवारी २०२५

चि. सीमा,

रागावले. मग डोळे तपासून आले. नंबर तोच आहे, डॉक्टर म्हणाला तुमचे डोळे पोरीबाळींसारखे आहेत. तेव्हा ती शंका सोड.

पण तू नको तिथे खडा मारलास. तुझं पत्र आल्यापासून मी त्या रुचिकाचा चेहरा आठवायचा प्रयत्न करते आहे. नाक आठवतं, कानातले आठवतात, गालावरचा तीळ आठवतो. भाव काही केल्या आठवत नाही. असं मला कधी झालेलं नाही. मला तर आपल्या शाळेतल्या बाईंचं तोंडही आठवतं, शिपायाने चहा सांडला तेव्हाचं.

आता जे लिहिते ते वाचून हस, पण कुणाला सांगू नकोस. डिसेंबरात मी आणि वहिनी सुरतला गेलो होतो ना, साड्या घ्यायला? साड्या घेतल्याच. पण वहिनीने तिथल्या एका दवाखान्यात नंबरही लावला होता. सुरकुत्या घालवायची इंजेक्शनं. बारीक सुया, मुंगी चावल्यासारख्या. आयत्या वेळी वहिनी घाबरली आणि परत फिरली, मी मात्र घेऊन आले. भुवयांच्या मधे, कपाळाला आणि डोळ्यांच्या कडांना. गोकुळच्या लग्नाच्या व्हिडिओत मी प्रत्येक ठिकाणी कुणावर तरी खेकसल्यासारखी दिसते, म्हणून. आता कपाळ आमच्या ओट्यासारखं सपाट झालंय. लोक म्हणतात, रूपालीबाई, विश्रांती घेतली का. मी म्हणते, हो.

यांना सांगितलेलं नाही. परवा हे म्हणाले, "दोन दिवस झाले मी रागावून बसलोय, तू विचारतही नाहीस." मला खरंच कळलं नव्हतं. मला वाटलं जेवण जड झालं असेल.

पण त्याचा याच्याशी काय संबंध? माणूस बघतो तो डोळ्यांनी की कपाळाने? तू विज्ञान शिकवतेस, तूच सांग.

तुझी,
ताई


मोलगी,
१० फेब्रुवारी २०२५

ती. ताई,

हसले. पोट धरून हसले. मग तुझा शेवटचा प्रश्न फळ्यावर लिहिला आणि त्याच्यापुढे बसून राहिले. माणूस डोळ्यांनी बघतो की कपाळाने? ताई, उत्तर बहुतेक असं आहे की थोडंसं कपाळानेही.

धडगावला गेले होते तेव्हा रेंज मिळाली, मग जेवढं वाचता आलं तेवढं वाचलं. समोरचा माणूस कपाळाला आठी घालतो तेव्हा आपल्याही कपाळावर एक बारीक आठी येऊन जाते. इतकी बारीक की आपल्याला पत्ता लागत नाही. आणि आपल्या कपाळावरून मेंदूला खबर जाते की हे असं असं वाटतंय. म्हणजे दुसऱ्याचं दुःख आपण स्वतःच्या तोंडावर थोडं घालून बघतो, चप्पल घालून बघावी तसं. आता तुझ्या इंजेक्शनांनी तो स्नायूच झोपवलाय. खबर द्यायला कुणी नाही. असे प्रयोग काही लोकांनी केले आहेत. घळाघळा रडणं किंवा खदखदून हसणं सगळ्यांना कळतं, चूक होते ती फिकट भावांत. मात्र सगळ्या शास्त्रज्ञांचं यावर एकमत नाही. काही म्हणतात फरक पडतो, काही म्हणतात इतका थोडा पडतो की मोजता येत नाही. तेव्हा मी छातीठोकपणे काही सांगत नाही.

पण तपासता तर येईल. मी आठवीच्या वर्गात खेळ लावला आहे. एकाने चिठ्ठीतला भाव तोंडावर आणायचा, दुसऱ्याने ओळखायचा. आमच्या जामसिंगसरांनी 'काळजी' अशी काही करून दाखवली की पोरांनी 'दातदुखी' म्हणून उत्तर दिलं. तू घरी असं कर. टीव्हीवर एखादी मालिका लाव, आवाज बंद कर आणि तुझ्या सासूबाईंना, भिकुबाईंना शेजारी बसव. कोण रागावलंय, कोण लपवतंय, दोघींनी आपापलं सांगायचं. भिकुबाईंच्या कपाळावर कुणी सुई टोचलेली नाही, तेव्हा त्या आपल्या तुलनेला चांगल्या.

हे सगळं मी उत्सुकतेपोटी लिहिते आहे. पण ताई, एक गोष्ट उत्सुकतेची नाही. तू त्या मुलीला फिकट भावांतच बघितलं असशील. वडील बाहेर बसलेले असताना कोणती मुलगी हमसून हमसून रडेल?

तुझी,
सीमा


नंदुरबार,
२४ फेब्रुवारी २०२५

चि. सीमा,

केला तुझा खेळ. सासूबाईंना आधी वाटलं टीव्ही बिघडला. मग त्यांना इतकी गोडी लागली की रोज आवाज बंद करून बसतात.

खोटं बोलणार नाही. हसणारे, रडणारे, ओरडणारे मला सगळे ओळखू आले. पण मालिकेतली एक सून दारात उभी राहून नुसती बघत होती. मी म्हटलं, वाट बघतेय. सासूबाई म्हणाल्या, "वाट काय? ती घाबरेल शे. तुले दिसत नही का?" मग आवाज लावला. ती घाबरलेलीच होती. असं पुन्हा पुन्हा झालं. शेवटी सासूबाई माझ्याकडे निरखून बघायला लागल्या आणि म्हणाल्या, "रूपाली, तुन्हं कपाय कोनी इस्तरी करं?" सांगावं लागलं. आता यांनाही कळलं आहे. हे रागावले आहेत की नाही ते मी सरळ विचारून घेतलं. थोडे रागावले आहेत.

पण सीमे, आता पुढे काय करू? डॉक्टरीण म्हणाली होती, परिणाम तीन-चार महिन्यांत उतरतो. पाडव्यापर्यंत उतरला नाही तर? दादाने हॉल ठरवला, चुनीलालभाऊंनी पाहुण्यांना सांगितलं. गूळ खाल्लेली आत्या परत गेली असं आपल्या घरात कधी झालं आहे का? आणि जाऊन सांगू काय? की मी तोंडाला सुया टोचून घेतल्या आणि तुमच्या मुलीचं तोंड मला वाचता आलं नाही? तीन गावांत हसू होईल. आपल्या सगळ्या भाऊबंदांत मुलगी बघायची म्हटली की रूपालीला बोलवा म्हणतात. माझ्याजवळ दुसरं आहे तरी काय, ना शिक्षण ना नोकरी. हे एवढंच आहे.

कदाचित ती आनंदातही असेल. तेही मला माहीत नाही. काहीच माहीत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

तू ये. एक दिवसाची रजा काढ. आपण दोघी काहीतरी निमित्त काढून विसरवाडीला जाऊ, तू तिच्याकडे बघ आणि मला सांग. तुझं कपाळ तर जागेवर आहे.

तुझी,
ताई


मोलगी,
५ मार्च २०२५

ती. ताई,

इथे आता होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराची, आदिवासी जत्रेची गडबड सुरू होईल. होळीपर्यंत शाळेत अर्धी पोरं असतात आणि तीही मनाने डोंगरात असतात. रजा मिळेल. पण मी येणार नाही.

कारण सांगते. मी आणखी एक प्रयोग केला. म्हटलं, चेहरा हलूच दिला नाही तर काय होतं बघू. रविवारी मी आणि शाळेतल्या दोन बाईंनी तोंडाला मुलतानी माती थापली, ती कडक वाळू दिली आणि पोरांना समोर भाव करायला लावले. मला वाटलं आम्ही साफ नापास होणार. झालं उलटंच. आम्हाला आधीपेक्षा जास्त ओळखता आले. जामसिंगसर म्हणतात, मातीखाली चेहरा हलायला बघतो आणि अडतो, म्हणून आपल्याला तो जास्त जाणवतो. तुझा तर हलायलाच बघत नाही. खरं असेल. किंवा आमची तोंडं बघून पोरं जास्त मनापासून हसत होती, तेही असेल. मला ठरवता येत नाही, आणि मला त्यात मजाही वाटते आहे.

पण यावरून एक कळलं. चेहरा वाचणं ही इतकी डळमळीत गोष्ट आहे. थोडी माती थापली की एक, सुई टोचली की दुसरं. मी विसरवाडीला आले तरी मीही बघणारच, आणि बघून तुला अंदाजच सांगणार. एका मुलीचं अख्खं आयुष्य आहे ते. तिला तोंड आहे, आणि ते नुसतं बघण्यासाठी नाही.

तू जा. एकटी जा. आणि विचार. हसू होईल, होऊ दे. मी हसणार नाही.

तुझी,
सीमा


नंदुरबार,
२३ मार्च २०२५

चि. सीमा,

मोडलं. मीच मोडलं. दादा माझ्याशी बोलत नाही, वहिनी चोरून फोन करते. काल सगळ्यांसमोर दादाने विचारलं, "तू गूळ खादा ना? मंग आते काय?" मी सांगितलं, सुयांसकट सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही, त्यापेक्षा हसले असते तर बरं झालं असतं. भाग्येश मात्र माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "आत्या, तिले नही करनं व्हतं तं बरं झायं आतेच समजनं." पोराचं तोंड उतरलं होतं. हे मला दिसलं, बरं का. परिणाम उतरत असेल, किंवा दुःखच मोठं असेल.

आता विसरवाडीचं सांगते. तुझं पत्र हातात आलं तरी मी बरेच दिवस ते घडी करून ठेवत होते आणि काढत होते. होळी झाली, मग एका दुपारी बसने निघाले. चुनीलालभाऊ टायर बदलत होते, उठून हात पुसायला लागले. मी म्हटलं, रुचिकाच्या ब्लाउजचं माप घ्यायचंय. एवढं खोटं बोलले मी, चालेल ना?

रुचिका स्वयंपाकघरातच होती. मी खाली बसले आणि म्हटलं, "बेटा, त्या दिवशी मी काही विचारलं नाही. आज विचारते. तुला हे लग्न करायचं आहे का?"

तिने हातातलं काम ठेवलं. मग म्हणाली, "आते काबरं इचारतस?"

आताच का विचारते, ते मी कपाळावर बोट ठेवून सगळं सांगितलं. नर्सिंगची पोरगी, तिला लगेच समजलं. मला म्हणाली, भुवया वर करा. मी केल्या. म्हणजे मला वाटलं केल्या. तिने मान हलवली आणि हळूच विचारलं, "मंग तुम्हले त्या दिन मन्हं तोंड दिसनंच नही?"

मी म्हटलं, नाही.

सीमे, पुढे ती जे बोलली ते मी जसंच्या तसं लिहिते. "तुमना भाऊ ओटावर सांगी ऱ्हायनता, आत्या तोंड वाचस, आजलोंग चुकनी नही. मी मझारतून आयकं. मले वाटनं, बाप तं मन्हं आयकत नही, पन ही बाई तरी वाचई. म्हनीसन मी बठं तोंडवर आनी ठेवं. तुम्ही उन्यात, दखं, आनि भाहेर जाईसन गूळ खादा."

आतून दादाचं बोलणं ऐकून तिने मनातलं सगळं माझ्यासाठी तोंडावर आणून ठेवलं होतं. आजवर कोणत्याही मुलीने माझ्यावर इतका विश्वास टाकला नव्हता, आणि मी तिच्यासमोर बसून तिचे केस बघत होते. भाग्येश वाईट नाही म्हणाली ती, पण त्याच्याशी नाही करायचं, आणि आता तर कुणाशीच नाही. शिक्षण पूर्ण करायचं आहे. एवढंच. एवढं साधं, आणि घरात कुणाला सांगायची सोय नाही.

मी तशीच बसून राहिले. तेव्हा तीच पुढे सरकली आणि माझ्या तोंडाकडे वाकून बघायला लागली. घाबरलेली होती बिचारी. म्हणाली, "तुम्हले राग उना का? तुमना तोंडवर काहीच दिसी नही ऱ्हायनं."

तेव्हा मला कळलं की माझंही तोंड कुणाला वाचता येत नाही, आणि मला बोलावंच लागणार आहे.

मी म्हटलं, "राग नही उना, बेटा. लाज वाटी ऱ्हायनी माले. आनि तुन्ही काळजी वाटी ऱ्हायनी." तिने माझा हात धरला. मग मी तिला म्हटलं, तुझ्या वडिलांना मी सांगते, तू फक्त माझ्या शेजारी उभी राहा. ती म्हणाली, नको, तुम्ही मन्हा शेजारी उभ्या ऱ्हा.

आणि ती माझ्या आधी उठून दुकानाकडे गेली.

तुझी,
रूपालीताई